सव्वाचार फूट शांतता

३ नोव्हेंबर, सोमवार

अठ्ठावीस तारखेला दुपारी दोन वाजता आमचं रेडिओ स्टेशन बंद होणार. साहेबांनी खोलीत बोलावलं, खुर्ची पुढे केली, चहा मागवला. बातमी वाईट आहे हे चहा आला तेव्हाच कळलं. साहेब तिशीतले. घरी रेडिओ आहे का, असं मी एकदा विचारलं होतं, तर गाडीत आहे म्हणाले.

"मॅडम, तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या. स्टेशनचा इतिहास तुम्हीच लिहा. चाळीस-पन्नास पानं. जरा गमतीजमती येऊ द्या, नाहीतर कोण वाचतंय."

जुनी म्हणजे तेहेतीस वर्षं. त्यातली बारा 'तुमचं बोला' या दुपारच्या कार्यक्रमाच्या बटणावर, पुढची एकवीस त्याच कार्यक्रमाच्या माईकपुढे. लिहिण्याचा हात बसावा म्हणून ही वही आणली. रोज लिहीनच असं नाही. इथे खोटं मात्र लिहायचं नाही असं ठरवलंय. त्यासाठी साहेबांची पन्नास पानं आहेतच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सुरुवात लिहून झाली. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या माडीवर दोन खोल्या. खालच्या यंत्रांची धडधड माईकात येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या टांगलेल्या. पहिल्या दिवसाची पहिली बातमी: मुख्य जलवाहिनी फुटली, संध्याकाळी पाणी येणार नाही. आरंभ काही फार मंगल नव्हता, पण लोकांनी बादल्या भरून ठेवल्या आणि स्टेशनवर विश्वास बसला.

मनोरा गावाबाहेरच्या दलदलीत उभा केला, कारण आमच्या लहरींना ओली जमीन मानवते. सुरुवातीला त्या बाजूच्या घरांचे पत्रे बोलायचे. एका बाईंची तक्रार फाइलीत सापडली: 'आमच्या पाण्याच्या टाकीत एक माणूस सकाळी साडेसातला बातम्या वाचतो. त्याला बाहेर काढावे.' खाली तेव्हाच्या इंजिनियरचा शेरा: 'माणूस आमचाच आहे. काढता येणार नाही.'

हे छापायचंच. वाचून मी एकटीच हसत बसले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बटणाचं प्रकरण लिहिलं. इथे हात आपोआप सैल सुटला.

आमच्या कार्यक्रमाचा तोरा असा, की फोन करणाऱ्याला आधी काहीही विचारायचं नाही. फोन वाजला, उचलला, थेट हवेत. मग कुणी शिवी दिली, कुणाची अब्रू काढली तर? त्यासाठी सात सेकंदांची युक्ती होती. स्टुडिओत दोन टेप यंत्रं एकमेकांपासून अंतरावर ठेवलेली. पहिलं यंत्र बोलणं फितीवर घ्यायचं, फीत सरकत दुसऱ्याकडे जायची आणि दुसऱ्यावर वाजायचं ते गावाला ऐकू जायचं. मधल्या प्रवासाला सात सेकंद. म्हणजे गाव जे ऐकायचं ते आमच्याकडे आधीच होऊन गेलेलं असायचं. तेवढ्या वेळात माझं बोट. बटण दाबलं की फोन तुटायचा, बाहेर सात सेकंद आमची धून वाजायची आणि शिवी फितीवरच राहायची. कार्यक्रम संपल्यावर टेपखान्यातले काका तेवढा तुकडा कात्रीनं कापायचे आणि फीत जोडून ठेवायचे. तुकडा सव्वाचार फूट भरायचा.

बारा वर्षांत एक शिवी बाहेर गेली नाही. लोक म्हणायचे, हिच्या बोटाला कान आहेत. शिवीच कशाला, फोनवरचा माणूस चार सेकंद गप्प राहिला तरी माझं बोट खाली. रेडिओवर शांतता झाली की घरातला माणूस रेडिओला थापट्या मारायला लागतो. आजही वीस सेकंद काही आवाज गेला नाही, तर मनोऱ्याजवळच्या खोलीतलं यंत्र आपणहून राखीव संगीत सुरू करतं. आमच्या धंद्यात गप्प बसण्याइतका मोठा गुन्हा नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कालचं वाचलं आणि आई आठवली. तिला एकदा तरी रेडिओत बोलायचं होतं. "मी फोन केला तर घ्याल का गं मला?" असं सारखं विचारायची. काम करणाऱ्यांच्या घरच्यांना हवेत घ्यायचं नाही, असा नियम होता. मी तो तिला वाचून दाखवला होता. कलमाच्या आकड्यासकट. तेव्हा मी चोवीस-पंचवीसची, नुकती चिकटलेली, आणि शिंगं फुटलेली.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात राहिला. त्या हातातल्या अंगठीनं ती कॉटच्या लोखंडी दांडीवर ठोकायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे इकडे ये. ताई लग्न होऊन लांब गेलेली. अकरा ते अडीच आई घरात एकटी. सोबतीला मी रेडिओ कपाटावर ठेवून मोठ्यानं लावून जायचे. शेजारच्या काकू दोनला डोकावायच्या. काही लागलंच तर काकूंना मला कळवता यावं म्हणून आईच्या उशाशी फोन ठेवला होता आणि वर भिंतीवर जाड पेन्सिलीनं, वीतभर आकड्यांत, स्टेशनचा नंबर. आईला स्वतःला फोनचा तसा काय उपयोग होता म्हणा.

पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. दुपारी, झोपेत. तिची अंगठी माझ्याकडे असते. बटणाच्या बोटात जात नाही, शेजारच्या बोटात घालते. बाबांचं भिंतीवरचं घड्याळ तेव्हा चालू होतं. ते कायम दहा मिनिटं मागे आणि टोला द्यायच्या आधी खोकला काढल्यासारखं घरघरायचं. आई गेल्यावर मी त्याला किल्ली दिली नाही.

इतिहासात यातलं काही येणार नाही. साहेबांना गमतीजमती हव्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

टेपखान्यातल्या काकांकडे जाऊन आले. वय शहाऐंशी, कानाला यंत्र. सूनबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "कॉटखालचे डबे न्यायला आलात ना? न्या बाई, झाडता येत नाही मला."

बिस्किटांचे चौदा डबे. बटणाखाली तुटलेले सगळे तुकडे, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: तारीख, वेळ, कारण. शिवी. बदनामी. दारू. शिवी. शिवी.

"हे फेकायचे असायचे ना काका?"

"माणसाचं बोलणं आहे. केर आहे का तो?"

चौदावा डबा दोरीनं बांधलेला होता. त्याच्यावर त्यांनी हात ठेवला. "हा राहू दे. यात काही नाही. नुसती शांतता आहे."

मी म्हटलं, शांतता तर हवीच, इतिहासात तिची जागा रिकामी आहे. काका माझ्याकडे बघत राहिले. मग हात काढला. "ऐकशील तर एकटी ऐकू नकोस," म्हणाले.

वय झालं की माणूस उगीच गंभीर होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दाढीनं अडगळीतलं जुनं टेप यंत्र चालू केलं. दाढी म्हणजे आमचा हल्लीचा बटणवाला. पन्नाशीचा गृहस्थ, वीस वर्षं माझ्यासमोरच्या काचेमागे बसतो, आणि त्याची दाढी त्याच्या आधी खोलीत शिरते. आता फिती नाहीत, सात सेकंद संगणकात असतात. बटण मात्र आहे.

दुपारी कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही दोघं ऐकत बसलो. आधी हसून हसून पोट दुखलं. एकजण मुख्याध्यापकांचं नाव घेऊन सुरू झाला, 'सांगू का सगळ्यांना त्या दिवशी तुम्ही', आणि तुकडा संपला. एक बाई नवऱ्याला थेट हवेतून, 'आज घरी येऊच नका, आलात तर'. संपलं. साठ-सत्तर झाल्यावर हसू थांबलं. सगळी माणसं आतापर्यंत म्हातारी झाली असतील नाहीतर गेली असतील, आणि इथे प्रत्येकाचं तोंड उघडं. प्रत्येकाच्या वाक्याच्या शेवटी मी आहे.

मग दोरीचा डबा. चिठ्ठ्यांवर एकच शब्द: मुका. आणि लख्खकन आठवला. हा इसम फोन करायचा आणि बोलायचा नाही. स्टुडिओत विनोद झाला होता, आला बघ तुझा मुका. एकेचाळीस तुकडे. सगळे सारखेच. तेव्हाचे आमचे निवेदक म्हणतात, "नमस्कार, तुमचं बोला." पलीकडे काही नाही. मागे कुठेतरी आमचाच कार्यक्रम मोठ्यानं चाललेला. निवेदक म्हणतात, "आधी रेडिओ बारीक करा बघू." रेडिओ बारीक होत नाही. संपलं.

काही तुकड्यांत टक टक टक असा आवाज आहे. फितीचा जोड असावा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डोक्यात एक कल्पना आली आणि सकाळीच साहेबांना सांगितली. शेवटच्या कार्यक्रमात सगळे मुके एकामागून एक वाजवायचे. शीर्षक, 'आमचा सर्वात निष्ठावंत श्रोता'. साहेब टेबलावर हात मारून हसले. "मॅडम, धमाल. मी जाहिरातीत टाकतो." लगेच टाकलंसुद्धा.

आज कार्यक्रमात एक मुका फोन आला. दाढीनं चार सेकंदांनी तोडला आणि काचेआडून मला खूण केली, आला तुझा माणूस. जाहिरात ऐकून कुणीतरी टवाळी केली असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरी बसून चिठ्ठ्या तारखांप्रमाणे लावल्या. पहिला तुकडा ३ जून. शेवटचा १९ फेब्रुवारी. बहुतेक सगळे एक वाजून आठ ते बारा मिनिटांच्या मधले. फोन घ्यायला आम्ही आठ मिनिटांनी सुरुवात करायचो, म्हणजे हा नंबर फिरवून तयारच बसलेला असायचा. फक्त शेवटच्यावर वेळ एक चाळीस.

माझ्या जुन्या डायऱ्यांशी तारखा ताडून पाहिल्या. मी सुट्टीवर, घरी, असेन त्या दिवशी एकही तुकडा नाही. मुका यायचा तो मी बटणावर असले तरच. म्हणजे हा माणूस मला ओळखून होता, माझ्या पाळ्या त्याला ठाऊक होत्या. उठून दाराला कडी लावली. आईच्या आजारपणाचं वर्ष ते, माझं कुणीकडेच लक्ष नव्हतं. फेब्रुवारीत तो थांबला हेही मला कळलं नसणार, तेव्हा मी पंधरा दिवस रजेवर होते.

का थांबला असेल? बदली झाली असेल. लग्न झालं असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा. एक वाजून दहा मिनिटं. मी म्हटलं, "नमस्कार, तुमचं बोला." काही नाही. मागे माझाच आवाज, सात सेकंद उशिरा, मोठ्यानं. मी म्हटलं, "रेडिओ बारीक करा." आणि दाढीनं तोडायच्या आत कानावरच्या हेडफोनमध्ये घरघर ऐकू आली. आणि एक टोला.

दाढीला विचारलं, नंबर काय दिसला? म्हणाला, "नंबराची जागा रिकामी आहे. लाइनवर काहीतरी खाकरलं आणि टण् झालं, ते मीपण ऐकलं."

घड्याळं शंभर घरांत मागे असतात. घरी आल्या आल्या वर बघितलं. बंदच आहे. काटे जिथे होते तिथेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डब्यातले तुकडे पुन्हा ऐकले. सातव्यात घरघर आहे. बाराव्यात घरघर आणि टोला. एकोणिसाव्यात आहे. बावीस, तेवीस. मग मोजायचं सोडलं आणि काकांना फोन लावला.

घरघर म्हटल्यावर त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

"तुझ्या घरी एकदा रेडिओ दुरुस्त करायला आलो होतो मी," म्हणाले. "ते घड्याळ कोण विसरेल?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"आधी मलाही कळलं नव्हतं गं. रोज कापायचो आणि डब्यात टाकायचो. कळलं तेव्हा त्या गेल्या होत्या. रजा संपवून तू परत बटणावर बसलीस, हसलीस माझ्याकडे बघून. काय सांगणार होतो?"

मी त्यांच्यावर चिडले. शहाऐंशी वर्षांच्या माणसावर ओरडले. म्हटलं, आई कशाला फोन करेल, तिला बोलता कुठे येत होतं, आणि रेडिओत ऐकलेला कार्यक्रमाचा नंबर तिच्या लक्षात कसा राहणार? भिंतीवर मी लिहिला होता तो कार्यालयाचा. त्यावरून फोन केला तर कार्यालयात वाजला असता, कारकुनानं उचलला असता, माझ्यापर्यंत निरोप आला असता.

"असेल," काका म्हणाले. "तू लिहिलास, तुला माहीत."

आजही मुका आला होता. दाढीनं तोडला. मी त्याला काही म्हटलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस त्या भिंतीकडे पाठ करून जेवले. आज कामावरून आल्यावर, नंतर तिथे सरकवलेलं कपाट ओढलं. भिंतीला मधल्या काळात तीनदा रंग दिलाय. ओलं फडकं फिरवलं, मग बोथट सुरीनं खरवडलं. आधी पांढरा निघाला, मग पिवळा, मग जुना निळा, आणि निळ्यावर माझं अक्षर. वीतभर आकडे. शाळेत असल्यापासून मी सात असाच काढते, मधे आडवी रेघ देऊन.

तो कार्यालयाचा नंबर नाही.

'तुमचं बोला'चा नंबर आहे. दर दहा मिनिटांनी हवेत सांगायचा तो. तेव्हा दिवसभर तोच कानावर, तोच तोंडात. कार्यालयाचा मला आजही पाठ नाही, फाइल बघून सांगावा लागतो. स्टेशनचा नंबर लिही म्हटल्यावर हातानं हाच लिहिला. काकूंना अडीअडचणीला लागेल म्हणून मी तो फोन दिला होता, जो माझ्या बोटाखाली येऊन संपायचा. काकूंना कधी गरज पडली नाही. आई रोज पडल्या पडल्या त्याच भिंतीकडे बघायची.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सात तारखेला मी इथे खोटं लिहिलं. आई झोपेत गेली नाही.

काकू दोनला आल्या तेव्हा ती कॉटखाली पडलेली होती आणि फोनचा रिसीव्हर तारेवर लोंबत होता. काकूंनी तो तसाच सोडला आणि माणसं गोळा करायला धावल्या. मला कळवायचं कुणालाच सुचलं नाही. मी कार्यक्रम संपवला, चहा घेतला, अडीचला घरी आले. गर्दी बाजूला झाली आणि मला आधी रिसीव्हर दिसला. मी तो उचलून जागेवर ठेवला. मग आईपाशी बसले. त्यानंतर सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याही तसंच सांगायला लागल्या.

आज सुट्टी असून स्टेशनवर गेले. दाढीला बोलावून घेतलं. बाहेर बस, आत येऊ नकोस, जाऊ पण नकोस, इतकंच म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला बरंच कळलं असावं.

१९ फेब्रुवारीचा तुकडा लावला. निवेदक म्हणतात, "नमस्कार, तुमचं बोला." मागे रेडिओ. टक टक टक. जोड नाही तो. लोखंडावर धातू. थोडं थांबून पुन्हा टक टक टक. निवेदक हसून म्हणतात, "कोण आहे, सुतार का?" मग टक, टक.

तिसरा नाही. तिथे माझं बोट आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ताईला फोन करून सगळं सांगितलं. तिला मी गेल्या तीस वर्षांत इतकं सलग कधी ऐकवलं नसेल. ऐकतेस ना, असं मलाच दोनदा विचारावं लागलं.

शेवटी म्हणाली, "ती तुला कामावरून उठवायला फोन करत नसणार. तिला रेडिओत यायचं होतं गं. झटक्याच्या आधीपासून यायचं होतं. तू घरी असलीस की करायची नाही, कारण तू रागावशील. मजा वाटत असेल तिला. निवेदक म्हणायचे ना, तुमचं बोला. तेवढं ऐकून तिचं समाधान होत असेल."

"चाळीस वेळा असेल तसं," मी म्हटलं.

ताई मग रडायला लागली. मी रडले नाही. मला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. काकांवर काढून झाला होता.

आज मुका फोन आला नाही. एक वाजून दहाला मी दाढीकडे बघितलं, त्यानं मान हलवली. दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. तो येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसले होते, आणि न आल्यावर हे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांना सांगितलं, मुक्याचे तुकडे वाजवता येणार नाहीत.

"अहो मॅडम, जाहिरात चालू आहे दहा-बारा दिवस. लोक विचारतायत. कल्पना तुमचीच होती."

"फीत जुनी होती. यंत्रात तुटली."

"सगळीच?"

"सगळीच."

साहेब नाराज झाले. माणूस वाईट नाही, त्यानं काय केलंय. डबा दोरी बांधून घरी आणलाय आणि आईच्या कॉटखाली ठेवलाय.

इतिहासातलं बटणाचं प्रकरण काढून टाकणार होते. मग ठेवलं. 'बारा वर्षांत एक शिवी बाहेर गेली नाही' या वाक्याखाली एक ओळ वाढवली: 'काय काय आत राहिलं त्याची नोंद कुणी ठेवली नाही, टेपखान्यातल्या एका माणसाशिवाय.' साहेब म्हणाले, छान आहे, जरा भावुक.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचा कार्यक्रम. एक वाजल्यापासून फोनचे दिवे विझत नव्हते. जुने श्रोते रडले, दोघांनी गाणी म्हटली, एका आजोबांनी नळाला पाणी कधी येणार हे विचारलं आणि तेच बरं वाटलं. एक वाजून दहा मिनिटं झाली आणि गेली. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

पावणेदोनच्या सुमाराला आठवलं, शेवटच्या चिठ्ठीवर एक चाळीस होते. तेही होऊन गेले होते. मग स्वतःचाच राग आला, की मी वाट कसली बघतेय.

दोनला सहा मिनिटं कमी असताना तीन नंबरचा दिवा लागला. दाढीनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. नंबराची जागा रिकामी असणार, हे त्याच्या बघण्यावरूनच कळलं. मी हातानं खूण केली, घे.

"नमस्कार," मी म्हटलं. "तुमचं बोला."

काही नाही. मागे रेडिओ, मोठ्यानं. त्यात आधीच्या आजोबांचा आवाज अजून पाण्याबद्दल बोलत होता. मी रेडिओ बारीक करा म्हटलं नाही. कपाटावर होता तो, तिचा हात कसा पोचणार. चार सेकंद झाले. दाढीचा हात सवयीनं बटणाकडे गेला. मी मान हलवली. त्याचा हात तिथेच, बटणाच्या वर, थांबला.

घरघर झाली. टोला पडला नाही. नुसती घरघर, मग ती पण थांबली.

दहा. अकरा. बारा. साहेब दारात येऊन उभे राहिले आणि हातानं विचारू लागले, काय झालं. वीस झाले की मनोऱ्यावरचं यंत्र संगीत लावणार आणि हे सगळं त्याखाली बुडून जाणार. मला काहीतरी बोलायचं होतं. एकवीस वर्षं मी बोलण्यावर पोट भरलं आणि आता एक अक्षर सुचेना.

मग आलं. टक टक टक.

मी अंगठीचं बोट वाकवलं आणि माईकखालच्या टेबलाच्या कडेवर ठोकलं. एकदा.

सात सेकंद गेले. मी मोजत होते. तिकडच्या खोलीत, कपाटावरच्या रेडिओत, माझी टक वाजली. ती मला फोनमधून ऐकू आली, लांबून, बारीक.

कुणीतरी श्वास सोडला. माझा असेल, दाढीचा असेल. मग फोन ठेवल्याचा आवाज झाला, अगदी हळू, डाव्या हातानं नीट जागेवर बसवावा तसा. एकेचाळीस वेळा मी तोडला होता. या वेळी तिनं आपणहून ठेवला.